भट्टीची जळालेली तार

"मी तार चोरली न्हाय, ताई," रुद्रेश दारातूनच म्हणाला. "शेठ म्हणत्यात, चांगली काढून इकली आणि साधी प्लॅस्टिकची घातली. उद्यापासनं येऊ नको म्हणाले. चोर म्हणून हाकललेल्या वायरमनला शिरोलीच्या कारखान्यांत कोण दारात उभं करंल?"

प्राची उपाध्ये कोल्हापुरात खासगी तपासाची कामं घ्यायची. तिचा जोडीदार भीमाप्पा, निवृत्त हवालदार. तोंड बघून माणूस ओळखतो, असा त्याला भारी अभिमान. दर खेपेला चुकायचा, तो भाग वेगळा. रुद्रेशचा पडलेला चेहरा बघून त्यानं मनात शिक्का मारून टाकला. चोरच.

दसऱ्यानंतर कारखान्यातली नवी भट्टी सुरू करताच तारांच्या पेटीत मोठा आवाज होऊन तार जळाली होती. "पेटी मीच बसवलेली," रुद्रेश म्हणाला. "खंडेनवमीच्या पूजेला मात्र मी नव्हतो, नृसिंहवाडीला गेलतो."

कारखान्यात श्रीपाल शेठ तापलेलेच होते. "ही तार भट्टीच्या आचेत टिकायची असती, बाई. चांगली असती तर जळली असती व्हय?"

भीमाप्पाला हे शंभर टक्के पटलं. मग त्याची नजर स्टोअर सांभाळणाऱ्या अनेकांतकडं वळली. माल याच्याच हातून जातो की.

"मी दिलेला माल चोख हाय," अनेकांत म्हणाला.

"खंडेनवमीला भट्टीजवळ कोण कोण गेलं होतं?" प्राचीनं विचारलं.

"पूजा शेठच करत्यात. आम्ही लांब उभं. औंदा नवी भट्टी, म्हणून थाटात केली."

वीज बंद करून प्राचीनं पेटी उघडायला लावली. तारांवरचं पांढरं विणलेलं वेष्टण एका जागी काळं पडलं होतं. तार जिथून आत शिरते तिथं तांबडा डाग होता, वर चढत फिका होत गेलेला.

"पूजेचं कुंकू," भीमाप्पा म्हणाला. "त्यात काय नवल?"

प्राचीनं वेष्टणाचा तुकडा कापून खाली काडी पेटवून धरली. तुकडा काळवंडला, पण ना पेटला, ना वितळला. मग तिनं सगळ्यांना जवळ बोलावलं.

"प्लॅस्टिक असतं तर वितळून गळालं असतं. ही काचेच्या धाग्यांची तार आहे, अस्सल. म्हणजे रुद्रेशनं ती बदलली नाही, आणि अनेकांतनंही खोटा माल दिला नाही."

"मग जळली कशी?" शेठनी विचारलं.

"पाण्यानं. काचेचा धागा आच सोसतो, पण विणलेला असला की वातीसारखं पाणी वर ओढतो. कोरडं कुंकू बंद पेटीत शिरून तारेवर चढत नाही. कुंकवाचं पाणी चढतं. बंद पेटीत तार ओली राहिली, तशीच भट्टी सुरू झाली आणि शॉर्ट सर्किट होऊन ती जळाली. शेठ, पूजा तुम्ही एकट्यानं केलीत. भट्टीला नुसता टिळा लावला, की आंघोळ घातली?"

शेठनी भट्टीकडं बोट दाखवलं. "वडील बोटानं टिळा लावायचे. मला वाटलं, नवी भट्टी हाय, चांगलं व्हावं. कुंकू कालवून अख्खी कळशी ओतली."

भीमाप्पाला आपल्या शिक्क्याची मनापासून लाज वाटली.

शेठ चहाला जमलेल्या कामगारांसमोर जाऊन उभे राहिले. "रुद्रेशला मी चोर म्हणलो. भट्टी माझ्या हातनं बिघडली." त्यांनी रुद्रेशपुढं हात जोडले.

रुद्रेशनं ते हात धरून खाली केले. "पेटी सुकवून नवी तार घालतो, शेठ. आजच चालू करू."

त्या दिवशी भट्टीला आच चढेपर्यंत एकही कामगार घरी गेला नाही.