ओमारच्या नळ्या

"माझ्या नवऱ्याला कोणीतरी नासवलंय," डॉक्टर इग्नासिया म्हणाल्या. दूध नासल्याचं सांगावं इतक्या कोरड्या आवाजात.

विल्मार बुचकळ्यात पडला. त्याची मालकीण, खाजगी गुप्तहेर एल्विरा, तोवर फ्रीजरमधली नळी हुंगत होती. खवट तेलाचा वास येत होता.

डॉक्टरांचा नवरा ओमार महिन्यापूर्वी गेला. त्याच्या रक्तपेशींच्या आवरणातली चरबी माँतेव्हिदेओच्या या प्रयोगशाळेत गोठवून ठेवली होती. त्याच्या आजाराचा शोध तिच्यावरच अवलंबून होता.

"हवा लागली की या चरबीच्या शेपट्या तुटतात," इग्नासिया म्हणाल्या. "तुटकी शेपूट पाण्याकडे वळते, शेजारणीलाही बिघडवते. रांग विस्कटते, आवरण गळायला लागतं. म्हणून झाकण लावण्याआधी नळीत नायट्रोजन गॅस भरतात. फ्रीजरची किल्ली माझ्याकडे आणि माझा मदतनीस लेआंद्रोकडेच. आज त्याला काढून टाकतेय."

बोलता बोलता डाव्या हाताने त्यांनी येर्बाच्या कडू चहाचा तुंबा भरला. तो एल्विराकडून परत आला, भरून विल्मारकडे गेला. पुन्हा भरून त्यांनी तो रिकाम्या खुर्चीसमोर ठेवला. कोणी यायचंय, असं विल्मारला वाटलं.

एल्विराने नळ्या मांडल्या. पहिली पार वाया गेलेली, पुढच्या थोड्या थोड्या कमी, शेवटची शाबूत. इतर रुग्णांच्या साऱ्या नळ्या ठणठणीत. उघडलेल्या प्रत्येक झाकणावर नवी चिकटपट्टी होती, नीटच, पण इतरांच्या उलट दिशेने गुंडाळलेली.

लेआंद्रो उजव्या मुठीत किल्ली घट्ट धरून आला. "मॅडम, गॅस भरणं माझ्या हातात इतकं बसलंय, की झोपेतही चुकायचं नाही."

ओमारची बहीण नेल्बा तिखट. "भावाला बर्फात ठेवलेलं मला पटत नाहीच! पण मी सरळ मोरीत ओतलं असतं. लपवाछपवी करेल माझी जुती!"

"नणंदेचंच काम, बाई," विल्मार एल्विराच्या कानात कुजबुजला.

"तू गप रे."

एल्विरा इग्नासियांसमोर बसली. "वैऱ्याने सगळ्या नळ्या एका दमात उघडल्या असत्या. इथे एकेक, पुन्हा पुन्हा उघडलीय. नेल्बाबाई ओतून मोकळ्या झाल्या असत्या. लेआंद्रोने सवयीनेच गॅस भरला असता. पट्टी डावखुऱ्या माणसाने गुंडाळलीय, डॉक्टर. आणि तुम्ही अजून ओमारला चहा देताय."

इग्नासियांनी स्वतःच्या डाव्या हाताकडे पाहिलं.

"नळी नुसती हातात धरायचे," त्या म्हणाल्या. "उघडल्याचं आठवत नाही. मला रडूसुद्धा येत नाही हो. काही होतच नाही."



इग्नासियांनी आपली किल्ली लेआंद्रोपुढे ठेवली. "चुकले मी. एकच नळी शाबूत उरलीय. किल्ली मी मागितली तरी देऊ नकोस. आणि मी मागेनच."

लेआंद्रोने किल्ली खिशात टाकली. मग रिकाम्या खुर्चीत बसून त्याने गार झालेला तुंबा उचलला आणि तळापर्यंत प्यायला.