ठिगळाआडची टकटक

या, जवळ सरका. माझे साडू थापा मारणाऱ्यांतले नव्हते. भाजी कशी झालीय असं मेहुणीने विचारलं, तर दहापैकी साडेसहा म्हणणारा माणूस. म्हणून तर सांगतोय.

त्यांचं काम तोडायचं. दोन पातळ पत्रे आणि मध्ये मधाच्या पोळ्यासारखी जाळी, असं पॅनेल फुटलं की त्याला ठिगळ लावतात. ते ठिगळ किती भार पेलतं, हे मशीनवर मोडून बघायचं. त्या खेपेला आलं होतं बुडालेल्या एका लाँचच्या केबिनचं दार. लाँच वर काढून दाराचं भोक बुजवलेलं. मालकाला तीच पुन्हा पाण्यात घालायची होती. बुडताना आत कुणी होतं का, ते कागदावर नव्हतं.

पॅनेल आधी बारा तास साठ डिग्रीच्या खोलीत तापवायचं आणि गरम असतानाच मोडायचं. बारा तास भरले शनिवारी रात्री अकरा चाळीसला. पाळीवर साडू एकटेच. ते खोलीत शिरले आणि मागे दार लागलं. बाहेरचा अडसर पडला. आतली मूठ नुसतीच फिरत राहिली.

फोन बाहेर टेबलावर. पहारेकरी लांब, गेटवर. साडूंनी दार बडवलं, हाका मारल्या. घाम डोळ्यांत उतरला. श्वास पुरेना. हात भरून आले, तेव्हा थांबले.

टक… टक… टक…

दारावर नाही. मागे. लोखंडी घोडीवर ठेवलेल्या पॅनेलमधून.

तापलेलं पॅनेल तडतडतं, हे त्यांना ठाऊक होतं. हे तसं नव्हतं. तीनदा. थांबून पुन्हा तीनदा. अडकलेला माणूस ठोठावतो, तसं.

त्यांनी कान लावला. पॅनेलची जाडी दोन बोटं. तरी आतून आवाज आला,

"दार उघडा…"

साडू मागे सरकले. पळणार कुठे? शेवटी इतकंच म्हणाले,

"मीही अडकलोय रे बाबा."

टकटक थांबली.



मग अडसर उचलल्याचा आवाज झाला. दार फटभर उघडलं.

बाहेर कुणी नव्हतं.

सोमवारी पुन्हा तापवून चौघांसमोर पॅनेल मोडलं. ठिगळ टिकलं, पत्रा शेजारून फाटला. मालक खूश. साडूंनी मात्र हट्टाने ते ठिगळ सोलायला लावलं. ते बसवलं होतं लाँच वर काढल्यानंतर, कोरड्या शेडमध्ये.

त्याच्या आतल्या अंगाला, वाळून दगड झालेल्या गोंदात, पाच बोटं उमटली होती.

आतून बाहेर दाबलेली.