भोजलीची टोपली आणि जुनी घंटी

दिवस कलायच्या आत साल्हेपार गाठायचं, आणि टोपलीतलं एक पातंही मोडू द्यायचं नाही! मोहिमेचे नियम एवढे दोनच. दोन्ही ललिताबाईंनी घातलेले, आणि त्यांनी घातलेला नियम मोडायची छाती रिसालीच्या त्या घरात कुणाची नव्हती.

टोपलीत होती भोजली. म्हणजे गव्हाचे कोंब. कोठीच्या अंधारात, तांदळाच्या ड्रमामागे नऊ दिवस वाढवलेले, हळदीचं पाणी पिऊन पिवळेधमक झालेले. राखीच्या दुसऱ्या दिवशी छत्तीसगढातल्या बायका या टोपल्या नदीवर नेतात, पाण्यात सोडतात आणि त्यातली चार पाती एकमेकींच्या कानावर खोचतात. ज्या दोघींनी अशी पाती खोचली त्या जन्माच्या मैत्रिणी. त्यांनी एकमेकींना भोजली म्हणूनच हाक मारायची. नाव घ्यायचं नाही. मरेस्तोवर नाही!

साल्हेपारला ललिताबाईंची अशी एक भोजली होती, अडतीस वर्षांची. नवरा श्यामराव लोहखाणीवर नोकरीला लागले तेव्हा ललिताबाई विदर्भातून आलेली नवी नवरी. शाळा चौथीपर्यंत, इथली भाषा कानालाही ओळखीची नाही. खाणीच्या कॅम्पावर भाजी विकायला येणाऱ्या त्या पोरीनं हिला बोलायला शिकवलं, आणि गावच्या खळ्यावर कॅरिअर धरून मागे धावत धावत सायकलही शिकवली. ललिताबाईंना तेव्हा ब्रेक जमत नसे, घंटी तेवढी जमायची. घंटी वाजली की कोंबड्या सैरावैरा पळायच्या आणि भोजली पोट धरून हसायची.

आणि गेल्या वर्षी, नदीच्या घाटावर, साऱ्या गावासमोर ललिताबाईंनी तिला नावानं हाक मारली.

कारण काय, तर तिनं पहिली पाती सरपंचाच्या बायकोच्या कानावर खोचली. "मी हाडं खिळखिळी करत इतक्या दुरून येऊन राहिली, अन् पयला मान हिचा?" जीभ सुटली ती सुटलीच, आणि मागोमाग नाव बाहेर पडलं. (ते इथंही येणार नाही. एकदा आलं तेवढं पुरे.) भोजलीनं आपल्या कानावरची पाती काढली, पदरात बांधली आणि मागे वळूनही न बघता चालू लागली. त्यानंतर फोन केला की आजी घरी नाही, असं तिचा नातू सांगायचा, "दाई घर म नइ हे." मागून तिचाच आवाज यायचा, "बोल दे, घर म नइ हे!"

म्हणून यंदाची टोपली पोचायलाच हवी होती. आजचा दिवस हुकला तर अडतीस वर्षं संपली, हे ललिताबाईंना पक्कं ठाऊक होतं.

आणि नेमका पावसानं रस्त्यावरचा पूल खचला. बस बंद.

"आजी, जंगलातून मुरमाचा रास्ता आहे," नात मृणाल म्हणाली. "बावीस किलोमीटर. माझी ग्रॅव्हल सायकल आहे, वर्गातल्या अंकुरची तुझ्यासाठी मागून आणते. जाड टायरची असते, खडी-मुरमावर मस्त पळते. पण तुझ्यानं होईल का?"

"पंचवीस वर्सं सायकलवर डबे पोचवले मी. तुह्या बापाची फी त्याच पायडलावर भरली. तू तुहं पाह्य!"

अट एकच होती. स्वतःच्या जुन्या सायकलची घंटी काढून त्यांनी ती अंकुरच्या सायकलवर बसवायला लावली.

"इतनी बढ़िया सायकल आणि त्यावर हे डबडं! आजी, लोग हसेंगे."

"हसू दे. दात हायेत त्यांचे."

सकाळी आठला शेजाऱ्याच्या पिकअपनं दोघींना खचलेल्या पुलाशी उतरवलं. ललिताबाईंनी टोपली ओल्या गमछ्यात गुंडाळून हँडलवर बांधली, साडीऐवजी मृणालची ट्रॅकपँट घातल्यामुळे खोचायला पदर नव्हता म्हणून दुपट्टा करकचून कमरेला आवळला, आणि टांग टाकली.

तांबडा मुरूम टायरखाली करकरत होता. दोन्ही बाजूंना साग, धावडा आणि तेंदूची झाडं पावसानं न्हाऊन उभी होती. मोहाच्या बुंध्यांवर शेवाळ चढलं होतं, आणि उतारावरून खळखळत येणारे इवले ओहोळ रस्ता ओलांडून पुन्हा झुडपात नाहीसे होत होते. मृणाल पुढे जाऊन दगड बघायची आणि ओरडून सांगायची, "आजी, डावीकडून!" चढावर मात्र तिनं हळूच मागे येऊन आजीच्या पाठीला हात लावला.

"ढकलून राहिली का मले?"

"नाही गं. आधार घेते."

"मंग घे," ललिताबाई म्हणाल्या. पुढच्या वळणापर्यंत तो हात त्यांनी पाठीवर राहू दिला.

प्रत्येक खड्ड्यात घंटी आपोआप किणकिणत होती. तिसऱ्या टेकडीवर एक म्हातारा वाटेत आडवा आला. खांद्यावर काठी, हात वर केलेले. गुरं राखणारा भैयालाल राऊत.

"रुक जाव दाई!" तो कुजबुजला. "हाथी!"

दोघींनी सायकली बुंध्याला टेकवल्या आणि बसकण मारली. पन्नास पावलांवर बांबू कडाकड मोडले. एक हत्तीण रस्त्यावर आली. मग दुसरी. मग एक पिल्लू! पिल्लू रस्त्याच्या मधोमध थांबलं, सोंड वर केली, आणि याच बाजूला वास घेऊ लागलं.

त्याच क्षणी ललिताबाईंची सायकल बुंध्यावरून घसरली!

घंटी वाजणार! ललिताबाई झेपावल्या. एका हातात हँडल आलं, दुसऱ्या हाताची मूठ घंटीवर घट्ट आवळली गेली. आवाज झाला नाही. टोपली तिरपी होऊन त्यांच्या गालाला लागली. ओल्या मातीचा आणि हळदीचा वास. त्या तशाच वाकून राहिल्या. हत्तिणीनं पिल्लाला सोंडेनं मागून हलकेच ढोसलं. पिल्लू हललं. सगळे झाडीत शिरले.

"कशी सांभाळून नेली लेकराले," ललिताबाई पुटपुटल्या. मूठ उघडली तर तळव्यावर घंटीचा गोल उमटला होता.

भैयालाल म्हणाला, साल्हेपारच्या घाटापर्यंत मीही येतो. झुडपात ठेवलेली त्याची काळी सायकल पुढे, या दोघी मागे. उतार लागला आणि अंगावर वारा आला. झाडी सरली तशी खाली तांदुळा नदीची दरी उघडली, हिरवीगार, मधोमध गढूळ तांबडं पाणी, आणि पल्याड साल्हेपारची कौलं. घाटावर लुगड्यांची रंगीत गर्दी. भोजलीची गाणी वाऱ्यावर येत होती.

पण मधला रपटा, दोन काठांना जोडणारा तो ठेंगणा सिमेंटचा रस्ता, पाण्याखाली होता!

"पानी बाढ़त हे दाई," भैयालाल म्हणाला. "झन जा." जाऊ नको, असं त्यानं हातानंही खुणावलं.

"गुडघाभर तर हाये." ललिताबाईंनी सायकल हातात धरली आणि पाण्यात पाऊल टाकलं.

"आजी, थांब!"

दहा पावलं गेल्या. पाणी मांडीला लागलं. पुढचं चाक शेवाळावरून सरकलं. सायकल वाहू लागली, आणि तिच्यासोबत ललिताबाईसुद्धा! मृणालनं झेप घेतली. दुपट्टा हाती लागला. भैयालालनं काठी पुढे केली. ओढ! अजून ओढ! तिघं आणि एक सायकल चिखलात येऊन आदळली. टोपली हँडलवर तशीच होती.

"सरका, मी पुन्हा जातो," असं म्हणत ललिताबाई उठल्या, आणि मग त्यांची नजर मृणालवर गेली. पोरीचा गुडघा सोलून निघाला होता. ती रडत नव्हती. फक्त दुपट्ट्याचं टोक अजून मुठीत घट्ट धरून होती.

ललिताबाई खाली बसल्या. "सोड व माय," त्या म्हणाल्या. "नाही जात मी. सोड आता."

"खरंच?"

"तुह्याहून मोठं नाही कोनतं नातं."

मूठ सुटली. मृणालनं आजीच्या खांद्यावर डोकं टेकलं.

भैयालालनं चिलीम पेटवायचा प्रयत्न केला, ओली निघाली म्हणून खिशात टाकली, आणि जरा वरच्या बाजूच्या खडकाकडे बोट दाखवलं. नदी तिथून वळते, त्यानं सांगितलं. त्या खडकावरून सोडलेलं काहीही धार वळणावर पलीकडे फेकते, थेट घाटाच्या पायऱ्यांना. त्याची चप्पल दोनदा तिथं सापडली होती.

ललिताबाई खडकावर चढल्या. इथून घाट स्पष्ट दिसत होता. शेवटच्या पायरीवर, सगळ्यांपासून जरा दूर, डावा पाय लांब करून एक बाई पाठमोरी बसली होती. गुडघा दुखतो म्हणून ती तशीच बसते.

"भोजली!" ललिताबाईंनी हाक दिली.

पंधरा बायकांनी वळून पाहिलं. आज तिथं सगळ्याच एकमेकींच्या भोजली होत्या. पाठमोरी तेवढी हलली नाही.

"भोजली व!"

पुन्हा तेच.

"आजी, नाव घे ना!" मृणाल कळवळली. "एकदाच! इतक्या दुरून कोण ऐकणार आहे?"

नाव ओठांवर आलं होतं. जोरात मारलं असतं तर पोचलंही असतं. ललिताबाईंनी ओठ घट्ट मिटले.

"सायकल आन."

मृणालनं चिखलानं माखलेली सायकल खडकावर ओढत आणली. ललिताबाईंनी पदराअभावी बाहीनं घंटी पुसली, आणि अंगठा दाबला.

ट्रिंग! ट्रिंग ट्रिंग! ट्रिंग!

ब्रेक न जमणारी नवी नवरी वाजवायची अगदी तशी, थांबणं म्हणून नाही! पाठमोरी मान ताठ झाली. मग हळूहळू वळली. हात कपाळावर आडवा झाला. आणि ती बाई दुखऱ्या पायानं, कुणाचाही आधार न घेता उभी राहिली.

ललिताबाईंनी गमछा सोडला. टोपलीत एकही पातं मोडलं नव्हतं. त्यांनी ती कपाळाला लावली आणि पाण्यावर ठेवली.

टोपली गरगरली. बुडाली! पुन्हा वर आली. खडकाला थडकून कलंडली आणि पिवळी पाती पाण्यावर पसरली. धार त्यांना मध्यावर घेऊन गेली. आता सरळ जाणार... सरळच जाणार... नाही! वळली! घाटावरच्या बायका ओरडू लागल्या. भोजली गुडघाभर पाण्यात उतरली, लुगडं भिजवत वाकली, आणि तिनं दोन्ही हात नदीत घातले.

वर आली तेव्हा हातात पिवळी मूठभर पाती होती. तिनं ती उंच धरून दाखवली. मग डावा कान दाखवला, रिकामा. मग उजवा, तोही रिकामा. सबंध दुपार उलटली होती, सगळ्या बायकांच्या कानांवर पाती होती, आणि हिचे दोन्ही कान कोरे होते.

तिनं पाती कानावर खोचली. हातांची नळी केली. पाण्याच्या घोंघावण्यावरून आवाज आला, रागीट, चिरका, अडतीस वर्षांच्या ओळखीचा:

"अतेक बेरा कर देस ओ भोजली!"

"काय म्हणते?" मृणालनं विचारलं.

"शिव्या देते," ललिताबाई म्हणाल्या, आणि त्यांना डोळे पुसायला बाही पुरेना. "इतका उशीर कावून केला म्हनते."

टोपली ठेवली होती तिथं खडकाच्या खाचेत चार पाती अडकून राहिली होती. मृणालनं ती अलगद सोडवली आणि भोजलीच्या वतीनं आजीच्या कानावर खोचली.

परतीचा चढ समोर होता आणि ऊन अजून टेकड्यांवर होतं. मृणालनं गुडघ्याला दुपट्टा बांधला, भैयालाल पुढे निघाला. झाडीत शिरण्याआधी ललिताबाईंनी मागे न बघता घंटी वाजवली. नदीपल्याडून कुणीतरी पोट धरून हसल्याचा आवाज आला.