हुडाची शिवण

पुस्तकाचं तिसरं प्रूफ सकाळी अकराला टेबलावर आलं. ग्रंथपालांनी चष्मा पुसला, पेन्सिलीला टोक काढलं आणि वाचायला घेतलं. त्यांना निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली होती. कारखान्याने परत बोलावलं ते या एका कामासाठी. दोन माणसांच्या, कापडी छताच्या त्या छोट्या गाडीला पन्नास वर्षं होत होती आणि तिचा इतिहास लिहायचा होता.

गाडी होतीच तशी लाडकी. जेमतेम मांडीएवढं दार, दोन गोल दिवे, हूड मागे टाकला की डोक्यावर नुसतं आभाळ. लोकांनी लग्न ठरल्यावर घेतली, पोरं झाल्यावर विकली आणि केस पिकल्यावर पुन्हा शोधून काढली. हे सगळं प्रुफात जागच्या जागी होतं. त्यांनी लिहिलेलं चौथं प्रकरण मात्र नव्हतं.

चौथं प्रकरण त्यांच्या ताईचं होतं. पहिल्या वर्षी हूड गळायचा. गिऱ्हाइकं मांडीवर टॉवेल टाकून गाडी चालवायची. कारखाना ती बंद करायच्या बेतात होता. तेव्हा शिवणखात्यातल्या ताईने हुडाची शिवण उलटी फिरवली, कडेने कापडाचीच पन्हळ काढली आणि खात्री करायला स्वतः आत बसली. पाण्याच्या खोलीत गाडीवर चहूबाजूंनी फवारे सोडत. आतल्या माणसाने हुडाला खालून टिचकी मारायची. एक म्हणजे कोरडं, दोन म्हणजे गळतंय. ताई तीन तास बसली आणि एक टिचकी मारून बाहेर आली.

त्या दिवशीचा, ती गाडीत बसलेली असतानाचा फोटो प्रुफात होता. ताईची जागा रिकामी होती. चित्रकाराने तिला सफाईने पुसलं होतं.

ग्रंथपाल तडक व्यवस्थापकांच्या खोलीत गेले.

"बसा काका. चहा?"

"चहा नको. ताई कुठे गेली?"

"अहो, पुस्तक गाडीचं आहे, तुमच्या घराण्याचं नाही."

"मग तुमच्या घराण्याचं आहे? 'हुडाची कल्पना मुख्य अभियंत्यांची,' असं छापलंय. म्हणजे तुमच्या वडिलांची!"

व्यवस्थापक हसले. "पंचविसाव्या वर्षीच्या पुस्तिकेतही हेच होतं. ती कुणी लिहिली होती?"

त्यांनीच लिहिली होती. नोकरीच्या भीतीने. ताई तेव्हा हयात होती. तिने ती शांतपणे वाचली, "छपाई छान झालीये रे," एवढंच म्हणाली आणि पुन्हा कधी विषय काढला नाही.

"मी सही करणार नाही," ग्रंथपालांचा आवाज चिरकला. "लेखकाच्या सहीशिवाय छापखाना पान हलवत नाही."

"कराल हो काका. मी ओळखतो तुम्हाला. चारला शिपाई पाठवतो."

प्रूफ छातीशी धरून ते खाली आले. प्रदर्शनाच्या दालनात ती पहिली गाडी उभी होती, हूड लावलेली. मिस्त्री शेजारी उकिडवा बसला होता.

"काका, बघा हो जरा. रिकामी गाडी चालकाच्या बाजूला खाली बसतेय."

"स्प्रिंग गेली असेल."

"दोनदा बदलली. आणि सीट रोज ओली. इथे ना नळ, ना छताला ओल. डोकं चालेना माझं."

"कधीपासून?"

"झाला आठवडा."

फोटो चित्रकाराकडे जाऊन आठवडाच झाला होता. पण ग्रंथपालांनी उभा जन्म पुस्तकांना क्रमांक लावण्यात घालवला होता. असल्या गोष्टी ते मानत नसत. मिस्त्री चहाला गेल्यावर ते चालकाशेजारच्या सीटवर बसले आणि दार ओढून घेतलं.

ओल्या कापडाचा वास आला. मग वर हुडावर पाण्याचा आवाज सुरू झाला.

काचेबाहेर फरशी कोरडी होती. तिच्यावर दुपारचं ऊन पडलं होतं.

"ताई," ते पुटपुटले, "या वेळी मी सही करणार नाही."

टक. टक.

"नाही म्हणतोय ना! शपथ घेऊ?"

टक. टक.

त्यांच्या आत काहीतरी तटकन तुटलं. "जन्मभर मलाच तपासत बसलीस! माझे मार्क, माझी नोकरी, माझी बायको. एकदा तरी एकच टिचकी मारलीस? तेव्हा माझ्याशी भांडली का नाहीस? गप्प बसलीस आणि मला चोर करून ठेवलंस! गळतोय ना मी? मग गळू दे!"

त्यांनी पेन काढलं. सही इतक्या जोरात केली की निबाने कागद फाटला.

पाणी थांबलं.

गाडीची ती बाजू अलगद वर आली, कुणी उतरावं तशी. दार उघडलं नव्हतं.

ते धडपडत बाहेर आले. शिपाई समोरच उभा होता. त्याने प्रूफ हातातून घेतलं, सही पाहिली आणि जिना चढू लागला. ग्रंथपाल त्याच्यामागे दोन पायऱ्या चढले आणि थांबले.

"काका, काय केलंत?" चहाहून परतलेला मिस्त्री ओरडला. "सरळ झाली की!"

घरी जाताना बस अर्धी रिकामी होती. ग्रंथपाल दोघांच्या सीटवर बसले आणि का कोण जाणे, खिडकीकडे सरकले. हळूहळू गर्दी वाढली. माणसं उभी राहिली. त्यांच्या शेजारी कुणी बसलं नाही.

एका थांब्यावर पिशव्या घेतलेली एक तरुण बाई चढली. ती त्यांच्या सीटपाशी थबकली, शेजारच्या रिकाम्या जागेकडे बघून ओशाळं हसली.

"नको नको आजी, उठू नका," ती म्हणाली. "बसा तुम्ही."