झाकणाचा स्विच

यातलं एक अक्षरही मी रचलेलं नाही. कसोंडे माझी सख्खी मावसबहीण. इथे कित्वे शहरातल्या त्याच वर्कशॉपात ती आजही कॉम्प्युटरवर सर्किटची ड्रॉइंग काढते. आणि हे घडलं ते ऑक्टोबरच्या रखरखीत दुपारी, रात्री नव्हे.

तिच्या खुर्चीवर आधी बा चिबेसा बसायचे. 'बा' म्हणजे आमच्याकडे मानाने हाक मारायचा शब्द.

पिठाच्या गिरणीचा विजेचा पॅनल त्यांनीच कॉम्प्युटरवर, कॅडमध्ये काढला होता. गिरणीचं झाकण उघडलं की वीज तोडणारा एक स्विच त्यात होता. वर्कशॉपचा मालक सिकाझ्वेने तो काढायला लावला. गिरणी सारखी बंद पडते, गिऱ्हाईक कटकट करतं, म्हणून.

पुढे तीच गिरणी दुरुस्त करताना चिबेसांचे हात आत होते...

कुणीतरी बटण दाबलं.

"ड्रॉइंगच चुकलं होतं त्याचं," सिकाझ्वेने मयतीला सगळ्यांना सांगितलं. त्यांच्या बायकोसमोर! निर्लज्ज माणूस.

काही महिन्यांनी नव्या गिरणीची ऑर्डर आली. कसोंडेने नेहमीसारखं स्विच काढलेलं जुनं ड्रॉइंग कॉपी केलं. गिऱ्हाइकाचं नाव बदलायचं, खालच्या चौकटीत ड्रॉइंग काढणाऱ्याचं नाव बदलायचं, झालं काम.

फाइल उघडली...

स्विच जागेवर होता.

तिने तो पुसला. सेव्ह केलं. पुन्हा उघडलं.

स्विच होता. आणि चौकटीत तिच्या नावाऐवजी... चिबेसा.

"बा सिकाझ्वे, हे जातच नाहीये!"

"माऊस धरता येतो का गं तुला? हो बाजूला." त्याने स्वतः स्विच पुसला, नाव पुसलं, प्रिंट काढली. "मेला तरी डोक्याला ताप देतोय लेकाचा!"

पॅनल तयार झाला. गिरणी वर्कशॉपातच जोडली. चाचणी सुरू होणार तोच लोडशेडिंग झालं. पंखे थांबले. सगळी वस्ती गप्प.

सिकाझ्वेने झाकण उघडलं. आत अडकलेला बोल्ट काढायला हात घातला.

"जपून हं, बा."

"वीजच नाही, घाबरतेस कशाला?"

तेवढ्यात कसोंडेच्या मागे उजेड पडला...

तिचा बंद कॉम्प्युटर सुरू झाला होता.

पडद्यावर गिरणीचं ड्रॉइंग. स्विच नव्हता. खालच्या चौकटीत नाव होतं... सिकाझ्वे.

"बा, हात काढा!"

गिरणी फिरली.

जीव वाचला. हात गेला. मेन स्विच बंदच होता, सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिला.

शुद्धीवर आल्यावर सिकाझ्वेने आधी चिबेसांच्या बायकोला बोलावलं. "त्याचं ड्रॉइंग बरोबर होतं, बामायो, माझे आई. स्विच मी काढायला लावला." ती माउली उठून निघून गेली.

कसोंडेला वाटलं, फिटलं सगळं.

पण मागच्या महिन्यात एक नवं गिऱ्हाईक आलं. "तो झाकणाचा स्विच तेवढा काढून टाका. उगाच कटकट."

कसोंडेने पडदा त्याच्याकडे वळवला. "तुम्हीच पुसा, बा. मी नाही पुसायची."

तो हसला. खुर्ची ओढून बसला.

माऊसला अजून कुणाचाच हात लागला नव्हता...

आणि पडद्यावरचा बाण सावकाश सरकत खालच्या चौकटीत गेला. काढणाऱ्याचं नाव लिहायच्या जागी.

"नाव काय म्हणालात तुमचं?" कसोंडेने विचारलं.

तेव्हापासून मी तिला रोज सांगतो, सोड ती नोकरी. ती ऐकत नाही.