मॅग्नेशियमचं बूच

चंद्रावरच्या वसाहतीतलं नवं पाणीघर आज संध्याकाळी सुरू व्हायचं होतं. पाणी सोडण्याआधी शांतिपाठ म्हणण्याचा मान शाल्मलीचा होता. कामासाठी पृथ्वीवर गेलेली आई तिथून ऐकणार होती. पण आठवडाभर कानाशी वाजत असलेल्या शांतिपाठाची दुसरी ओळ शाल्मलीला काही केल्या आठवेना.

"अप्पा, मी ढ आहे का हो?" तिने रडवेली होऊन आजोबांना विचारलं. अप्पा मेंदूचे शास्त्रज्ञ.

"मी तर ताई खेळताना, जेवताना शांतिपाठ सारखा लावून ठेवला," यंत्रमानव बटू म्हणाला. "माझा एकदा ऐकूनच पाठ झाला!"

"तुला काय रे, डबड्या!" शाल्मली फणकारली.

अप्पांनी तिला जवळ घेतलं. "बाळा, मेंदूतल्या दोन पेशींमध्ये बारीकशी फट असते. एक पेशी तिथे ग्लुटामेट (निरोप नेणारं रसायन) सोडते. पलीकडच्या पेशीवर त्याचे ग्राही (निरोप घेणारी दारं) असतात. साधं दार ग्लुटामेट आलं की उघडतं आणि पेशीला थोडी जाग येते. पण दुसऱ्या एका दारात मॅग्नेशियमचा कण बुचासारखा बसलेला असतो. पेशी चांगली जागी झाली, तरच तो हटतो."

"म्हणजे निरोपही हवा आणि जागही हवी? एकाच वेळी?"

"अगदी बरोबर! मग त्या दारातून कॅल्शियम आत शिरतं, आणि पेशी आपली साधी दारं वाढवते. पुढच्या वेळी तोच निरोप जोरात पोचतो. शिकणं म्हणतात ते हेच."

"आणि मी तर ठोकळ्यांत गुंगलेली असायचे..."

"निरोप येत होते गं, पण तुझं लक्ष नसल्यामुळे त्या पेशींना पुरती जाग नव्हती. म्हणून तर आपल्याकडे संथा देतात. मी एकदा म्हणेन, तू लक्ष देऊन दोनदा म्हण. चल, बैस."

हात जोडून दोघं बसली. दुपार सरली तरी उठली नाहीत.

संध्याकाळी शाल्मली दुसऱ्या ओळीपाशी क्षणभर थबकली. मग तिने डोळे मिटले आणि शब्द आपसूक ओठांवर आले. शेवटच्या 'शांतिः'बरोबर पाणी खळाळत सुटलं.

पृथ्वीवरून यायला आवाजाला जरा वेळ लागतो. तेवढा वेळ ती कान देऊन उभी राहिली.

"शाल्मले," आईचा ओला आवाज आला, "अगं, किती स्पष्ट म्हणालीस!"

परतताना तिने अप्पांचा हात धरला. "अप्पा, ज्यांना काहीच आठवत नाही, त्यांची दारं उघडता येतील का हो?"

"आम्ही शोधतोय, बाळा. तू मोठी होईपर्यंत बरंच कळलेलं असेल. राहिलेलं तू बघ."