न बसवलेला तपासनीस

काम साधं होतं आणि वेळ भरदुपारची, हे आधीच सांगतो. नाहीतर म्हातारपणीचे भास म्हणून सोडून द्याल. मलाही अधूनमधून तेच वाटतं.

खोन केन शहराच्या पुढे आमचं एक लहान धरण आहे. त्याचे दरवाजे कुठल्या दिवशी किती उघडायचे, ते सांगणारा प्रोग्राम माझा. चोवीस फाइली. त्यातल्या तेवीस माझ्या ज्येष्ठ सहकाऱ्याच्या, प्रयूनदादाच्या, लाल पेन्सिलीखालून गेलेल्या. तो छापील कागद घेऊन बसायचा. चूक दिसली की नागमोडी रेघ. पान निर्दोष असलं तर तळाच्या कोपऱ्यात छोटं वर्तुळ. वर्तुळं मला फार थोडी मिळाली.

चोविसावी, मोठ्या पुरासाठीची फाइल मी लिहिली तेव्हा दादा जाऊन तीन महिने झाले होते. ती कुणीच तपासली नाही. सुदैवाने तसा पूरही आला नाही. पण अकरा वर्षं ती माझ्या उरावर होती. आता पाऊस तोंडावर आला होता, आणि माझा प्रोग्राम ठेवायचा की काढायचा ते दुसऱ्या दिवशी ठरणार होतं.

मलिवान माझी जुनी विद्यार्थिनी, मला अजून आचान, म्हणजे गुरुजी, म्हणणारी; आता धरणाच्या कचेरीत इंजिनिअर. ती माझ्या लॅपटॉपवरच्या एडिटरमध्ये लिंटरचं, म्हणजे प्रोग्राममधल्या चुका दाखवणाऱ्या तपासनिसाचं, प्लगिन टाकत होती.

"आचान, चुकीच्या ओळीखाली आपोआप लाल रेघ येते. घाबरू नका, मार्क कापत नाही."

"तू कापशील. माझ्याकडेच शिकलीस."

बारा वाजले. नेहमीसारखे जेवणाच्या सुट्टीचे दिवे बंद झाले, एसी बंद झाला. पडदे ओढलेलेच होते. सर्व्हरच्या कपाटावर देवापुढे ठेवलेली लाल सरबताची बाटली अंधारात काळी दिसू लागली. मलिवान चिकट भात आणि पपईची कोशिंबीर आणायला खाली उतरली. मी चोविसावी फाइल उघडली.

आधी वास आला. पेन्सिल सोलल्यावर येतो तो, ओलसर लाकडाचा. मग दोनशे बाराव्या ओळीखाली लाल रेघ उमटली. एकदम नाही... डावीकडून उजवीकडे, सावकाश, थांबत थांबत.

मी ती ओळ पुन्हा वाचली. लीप वर्ष ठरवणारी ओळ. आमचा थाई सन बुद्धाचा, इसवी सनाच्या पुढे. चारने भागण्याआधी त्यातून पाचशे त्रेचाळीस वजा करायचे, हे मी मुलांना पहिल्याच तासाला सांगायचो. इथे मीच विसरलो होतो. लीप वर्षी मार्चपासून सगळे आकडे एक दिवस मागे. पुरात दरवाजे एक दिवस उशिरा उघडले असते... खालच्या अंगाला चार गावं आहेत.

मी वजाबाकी घातली. रेघ गेली.

मलिवान पिशव्या घेऊन आली. मी सांगितलं तशी ती वाकून बघत राहिली.

"आचान, प्लगिन नुसता निरोप्या आहे. तपासणारा प्रोग्राम वेगळा बसवावा लागतो. तो मी अजून... बसवलाच नाही."

"नक्की?"

"हे बघा ना. खाली लिहून आलंय, तपासनीस सापडला नाही."

जेवण झाल्यावर तिने तो बसवला. त्याने एकशे नऊ तक्रारी काढल्या, सगळ्या शब्दांमधल्या मोकळ्या जागांच्या. मी मुद्दाम जुनी चूक परत घालून पाहिली. तिच्याबद्दल त्याला काहीच म्हणायचं नव्हतं. ती पुन्हा दुरुस्त केली आणि फाइलीच्या तळाशी गेलो. कोपऱ्यात छोटं लाल वर्तुळ होतं.

"असं चिन्ह यात नाहीये," मलिवान हळूच म्हणाली. "आणि तुम्ही हसताय काय? माझ्या अंगावर काटा आलाय."

भ्यायला हवं होतं, कबूल. पण मरून अकरा वर्षं झालेला माणूस चोविसाव्या फाइलीसाठी उठून येतो, आणि तीही शेवटी पास करतो... माझी छाती भरून आली होती. दुसऱ्या दिवशीच्या बैठकीत मी एकदाही अडखळलो नाही. प्रोग्राम राहिला.

त्या संध्याकाळी त्याच उत्साहात घरी पंचविसावी फाइल उघडली. कोरी. अजून एक अक्षरही लिहिलं नव्हतं.

पहिल्या रिकाम्या ओळीखाली लाल रेघ आधीच येऊन थांबली होती.